झाकण उघडायचं नाही

कोलंबस, ओहायो
२ फेब्रुवारी १९८६

प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि.

हे पत्र आणि सोबतचं जड खोकं घेऊन येणारी हुस्नबानू ही माझी इथली शेजारीण. माहेर पुण्याचंच, कॅम्पातलं. तिला चहा पाजल्याशिवाय सोडू नकोस. आणि आईला सांग, हिला सगळं मराठी कळतं, तेव्हा तिच्यासमोर माझी गाऱ्हाणी नकोत.

आधी बातमी. मला पुन्हा दिवस गेलेत. गेल्या दोन वेळी काय झालं ते तुला माहीतच आहे, म्हणून या वेळी डॉक्टरीणबाईंनी सक्त ताकीद दिली आहे. जिने नाहीत, ओझी नाहीत, प्रवास तर अजिबात नाही. ऑगस्टपर्यंत बहुतेक वेळ आडवं पडून राहायचं. मी बिछान्यातून खिडकीबाहेरचा बर्फ बघते आणि आईची आठवण काढते. तिला तूच सांग. फोनवर सांगायला मला धीर होत नाही, रडू येतं.

आता खोक्याविषयी. त्यात स्लो कुकर आहे, विजेवर चालतो. आत चिनी मातीचं भांडं, वर काचेचं झाकण. सकाळी सगळं आत टाकायचं, बटण फिरवायचं आणि विसरून जायचं. दिवसभर मंद आचेवर शिजत राहतं. पलीकडच्या घरातल्या डोरोथी नावाच्या आजींनी मला त्यात चिकन अँड डम्प्लिंग्ज करायला शिकवलं. डम्प्लिंग म्हणजे मैद्याचे मऊ गोळे, कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेले. आपल्या वरणफळांची लांबची बहीण समज. कोंबडीचे तुकडे, कांदा, गाजर, तमालपत्र, मीठ, मिरी आणि बुडेल इतकं पाणी. मैद्यात बेकिंग पावडर, लोणी आणि दूध घालून सैलसर गोळे. झालं! तू स्वारगेटच्या एस. टी. ऑफिसातून दमून घरी येतेस आणि चपला काढून थेट गॅसपुढे उभी राहतेस, ते माझ्या डोळ्यांपुढे येतं. म्हणून पाठवते आहे.

आई हल्ली पत्र का लिहीत नाही? दादा फोनवर 'सगळं ठीक' एवढंच म्हणतो आणि हवापाणी विचारतो. इथल्या हवेचं मी काय सांगू?

जाईला चॉकलेटं. आईला साष्टांग.

तुझी,
उल्का


बिबवेवाडी, पुणे
२७ फेब्रुवारी १९८६

प्रिय उल्का,
अनेक आशीर्वाद.

तुझी बातमी आईंना सांगितली. त्यांनी आधी देवापुढे साखर ठेवली, मग मला म्हणाल्या, "आता कोणाला म्हणजे कोणाला सांगू नकोस," आणि तासाभरात शेजारच्या तुळजाबाईंना स्वतःच सांगून आल्या. तेव्हा बिबवेवाडीला कळलेलं आहे. तू मात्र डॉक्टरीणबाई सांगतील तसं पडून राहा. उठून पराक्रम करू नकोस.

कुकर पोचला. तुझ्या यंत्राला एकशेदहाची वीज लागते, आपल्याकडे दोनशेतीसची येते. म्हणजे येते तेव्हा. तुझा दादा बुधवार पेठेत जाऊन जब्बारभाईंच्या दुकानातून ट्रान्सफॉर्मर घेऊन आला. तो कुकरहून जड आहे. ओट्यावर आता कुकर आणि ट्रान्सफॉर्मर राहतात, मी पोळ्या जमिनीवर बसून लाटते. माझे श्रम वाचावेत ही तुझी कळकळ पोचली.

पहिला प्रयोग कळवते. तू लिहिलंस 'सगळं आत टाकायचं', म्हणून मी गोळेही सकाळीच टाकले आणि ऑफिसला गेले. दुपारी वीज गेली. संध्याकाळी झाकण काढलं तर कोंबडी अर्धी कच्ची आणि गोळे बेपत्ता. त्यांची खळ झाली होती. निवडणुकीचे दिवस असते तर निम्म्या वॉर्डाची पोस्टरं चिकटली असती. जाई म्हणाली, "आत्यानं अमेरिकेहून डिंक पाठवलाय." त्यावर आई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या.

आता जरा नीट विचारते, आणि नीट उत्तर दे. गोळे विरघळू नयेत, पण अगदी मऊ, जिभेनं दाबले तरी फुटतील असे व्हावेत, यासाठी काय करायचं? लोणी जास्त घालायचं की दूध? मिरी आणि तिखट अजिबात नसलं तर चव बिघडते का? कोंबडीचे धागे बारीक करून रश्श्यातच मिसळले तर चालेल का?

आईंच्या चष्म्याचा नंबर बदलला आहे, म्हणून पत्र नाही. काळजी करू नकोस.

तुझी,
शकू वहिनी


कोलंबस
१४ मार्च १९८६

प्रिय वहिनी,

डिंकाचं वाचून मी इतकी हसले की हे धावत आले. चूक माझी. गोळे शेवटी टाकायचे हे लिहायचं राहूनच गेलं. डोरोथी आजींना तुझे सगळे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं अशी: कोंबडी पूर्ण शिजू दे, हाडं काढ, धागे कर. मग आच 'हाय' वर कर, रस्सा उकळायला लागला की वरून चमच्याने गोळे सोड. पीठ मळायचं नाही, नुसतं कालवायचं; मळलं की चिवट होतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, गोळे टाकले की झाकण उघडायचं नाही. कितीही वाटलं तरी नाही. वाफ गेली की ते बसतात. आजी म्हणतात, "माझ्या नवऱ्याला आयुष्यभर हे जमलं नाही."

पण वहिनी, तिखट नको, मिरी नको, हे कोणासाठी? आईसाठी असेल तर तिने ते ताटाबाहेर काढून ठेवलं असणार! आपली आई म्हणजे हिरव्या मिरचीचा ठेचा भाकरीला चोपडून उभ्याउभ्या खाणारी. जाईसाठी करत असशील. पण जाई अकरा वर्षांची झाली, तिला जिभेनं फुटणारे गोळे कशाला?

दिवसभर पडून पडून डोक्यात नाही नाही ते येतं. आईच्या हातच्या दोन ओळी आल्या तरी बरं वाटेल. चष्मा झाला असेल ना आता?

उल्का


बिबवेवाडी
६ एप्रिल १९८६

प्रिय उल्का,

गोळे जमले. डोरोथीबाईंना माझा नमस्कार सांग. मी मैद्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळलं आणि लोण्याऐवजी घरची साय घातली. रविवारी केलं, म्हणजे वीज गेली तरी मी राखणीला होते. झाकण उघडलं नाही. जाई काचेला नाक लावून बसली होती, आई खुर्ची ओढून तिच्या शेजारी. आतले गोळे फुगताना दिसत होते.

आईंनी दोन गोळे खाल्ले, वर वाटीभर रस्सा घेतला. तू म्हणशील, दोन गोळ्यांचं काय कौतुक? आमच्याकडे त्या दिवशी सण होता. तुझा दादा तर उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

तेव्हापासून हाच बेत चालू आहे. आई म्हणतात, "उल्कानं पाठवलेलं मडकं लाव." मी सध्या ऑफिसातून जरा रजा घेतली आहे, साठली होती ती. उन्हाळा मी म्हणतो आहे.

हुस्नबानू परवा येऊन गेल्या. तुझ्यासाठी गोडा मसाला, मेतकूट आणि आईंची एक जुनी मऊ साडी दिली आहे. बाळाच्या दुपट्यांसाठी. साडी आईंनी स्वतः निवडली. त्यांनीच शिवली असती, पण चष्मा अजून झालेला नाही.

प्रकृतीला जप. दुसरं काही डोक्यात आणू नकोस.

शकू वहिनी


कोलंबस
२५ एप्रिल १९८६

वहिनी,

हुस्नबानू परत आली. साडी दिली, मसाला दिला. मग माझ्या पलंगाशी बसून साडीची घडी उगाच उलगडत राहिली. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "उल्का, तेरी अम्मी को देखा तो मैं पहचानी नहीं." फेब्रुवारीत बघितलेली बाई एप्रिलमध्ये ओळखू येऊ नये?

ती म्हणाली, आईच्या गळ्याची हाडं वर आली आहेत, ब्लाउज खांद्यावरून घसरतो. तू तिला चमच्याने पांढरा लगदा भरवत होतीस. आई म्हणाली, "शकू, एक तुकडा भाकरी दे गं," आणि तू पाहुण्यांसमोर "नाही म्हटलं ना" असं म्हणालीस. आईने मान खाली घातली.

माझ्या आईने. जिने सगळ्या वाडीला जेवू घातलं.

दादाला फोन केला तर म्हणतो, वय झालंय. एकसष्ट हे काय वय आहे? मला आता सगळं कळतंय. आईचं स्वयंपाकघर तुझ्या ताब्यात आलं. मी पाठवलेलं यंत्र तुझ्या सोयीचं झालं. सकाळी टाकलं, झाली तुझी सुटका. बिनतिखटाचं, बिनचवीचं, आजाऱ्याचं अन्न रोज तेच तेच खाऊ घालून धडधाकट माणूस आजारी पडेल नाहीतर काय! आणि मी मूर्खासारखी त्याच्या कृती लिहून पाठवत होते.

चष्म्याचं तर बोलूच नकोस. दोन महिन्यांत चष्मा होत नाही पुण्यात?

मी उठू शकत नाही म्हणून हे चाललंय. उठू शकले असते तर पुढच्याच विमानाने येऊन आईला घेऊन गेले असते.

उल्का


बिबवेवाडी
८ मे १९८६

(जावईबापू, हे पत्र आधी आपण वाचावं. उल्का आडवी असताना, तिच्याजवळ बसूनच तिला द्यावं. द्यायचं की नाही हेही आपणच ठरवा. पण माझं म्हणणं विचाराल तर द्यावं. — शकुंतला)

प्रिय उल्का,

तुझं पत्र मिळालं. ते मी तुझ्या दादाला दाखवलेलं नाही, आईंना तर नाहीच. आज त्या झोपल्यावर हे लिहिते आहे.

आईंच्या अन्ननलिकेत कर्करोगाची गाठ आहे. संक्रांतीच्या आसपास भाकरीचा घास छातीत अडकायला लागला. त्या पाणी पिऊन ढकलायच्या, आम्हाला सांगितलं नाही. मग भातही अडकायला लागला. जानेवारीच्या शेवटी तपासणी झाली. तुझा कुकर आला तेव्हा आम्हाला कळलेलं होतं. ऑपरेशन करण्याच्या पलीकडे गेलं आहे, असं डॉक्टर म्हणाले. मार्चपासून दवाखान्यात लाईट, म्हणजे किरणांचे शेक, देणं चालू आहे, एक दिवसाआड. रजा त्यासाठी घेतली. साठलेली होती हे मात्र खरं.

तुझी बातमी आली त्याच दिवशी आईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि गळ्याची शपथ घातली. गळ्याचीच, बघ. म्हणाल्या, "तिची दोन गेली. हे तिसरं माझ्यापायी जायला नको. बाळंतपण होईपर्यंत तिला अक्षर कळता कामा नये." तुझा दादा लगेच हो म्हणाला. मीही म्हणाले. त्या वेळी मला ते योग्यच वाटलं होतं.

भाकरीविषयी. मार्चमध्ये मी एकदा दिली होती. त्यांनी फार विनवलं म्हणून, दुधात कुस्करून. ती अडकली. त्यांचे डोळे पांढरे झाले. मी त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत होते आणि जाई दारात उभी राहून किंचाळत होती. तेव्हापासून त्यांनी मागितली की मी 'नाही' म्हणते. गोड आवाजात म्हटलं तर त्या पुन्हा मागतात, म्हणून तशी म्हणते. हुस्नबानूंनी बघितलं ते खरं आहे.

तो पांढरा लगदा म्हणजे तुझेच गोळे. वरणाचं पाणी, लापशी, पेज सगळं करून बघितलं, त्या तोंड फिरवायच्या. रश्श्यात मुरलेला गोळा तेवढा घशाखाली उतरतो. तिखट लागलं की आग होते, म्हणून बिनतिखटाचा. तुझ्या मडक्यानं त्यांना महिना-दीड महिना जगवलं आहे. ते माझ्या सोयीचं झालं हेही खरं. लाईटसाठी सकाळी निघताना लावून जाते आणि परत येईतो तयार असतं. गॅसपुढे उभं राहण्याइतकं त्राण त्या दिवशी माझ्या पायांत नसतं.

मी शपथ का मोडते ते सांगते. तू मला बोललीस त्याचा राग म्हणून नाही. राग आला, एक दिवस होता, गेला. पण आई गेल्यावर तुला कळलं असतं, तर तू हेच म्हणाली असतीस की मला विचारलं कोणी? आणि त्याला माझ्यापाशी उत्तर नसतं. तुझी आई आहे. तिच्याविषयी खरं काय ते ठाऊक असणं हा तुझा हक्क आहे. आमच्या भीतीपुढे तो छोटा होतो असं मला वाटत नाही. चुकत असेन तर त्याचं पाप माझ्या माथी.

डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. पावसाळा निघेल म्हणतात.

शकू वहिनी


कोलंबस
२३ मे १९८६

वहिनी,

ह्यांनी पत्र चार दिवस खिशात ठेवलं. मग दिलं.

त्याच संध्याकाळी पोटात दुखायला लागलं, रक्त गेलं. दवाखान्यात ठेवलं होतं. काल घरी आले. बाळ आहे. ठोके ऐकवले मला. हे म्हणतात, "तुझ्या वहिनीनं पत्र लिहिलं नसतं तर हे झालं नसतं." मी म्हटलं, तसं पुन्हा बोलू नका.

तुला लिहिलेलं ते पत्र जाळून टाक. मी काय काय लिहिलं ते मला आठवतंय, हीच शिक्षा आहे. माफी कशी मागायची ते कळत नाही. तू तिथे पाठीवर बुक्क्या मारत होतीस आणि मी इथे उशीला टेकून तुझा न्याय करत होते.

डॉक्टरीणबाई म्हणतात, विमानात बसलीस तर बाळाची खात्री देणार नाही. त्यांनी ते शांतपणे सांगितलं, म्हणून जास्त भीती वाटली. मी आले तर हे बाळ जाईल. नाही आले तर आई जाईल आणि मी तिथे नसेन. सकाळी एक ठरवते, संध्याकाळी दुसरं. ह्यांना विचारलं तर ते म्हणतात, तुझी आई, तूच ठरव. दादाला विचारलं तर तो फोनवर रडतो. म्हणून तुला विचारते. येऊ की नको? तू म्हणशील तसं करीन.

आईला सांग, मला कळलंय. आता तिला माझ्यापासून काही लपवायचं नाही.

उल्का


बिबवेवाडी
९ जून १९८६

प्रिय उल्का,

आईंना सांगितलं. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. संध्याकाळी मी वाटी घेऊन गेले तर म्हणाल्या, "ठेव तिथं." माझ्या हातून खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जाईनं भरवलं तेवढं घेतलं. तुझ्या दादानं मात्र बोलायची कसर ठेवली नाही. "तुला शहाणपण सांगितलं होतं कोणी? बाळाला काही झालं असतं तर?" मी म्हटलं, "तर मी उत्तर दिलं असतं." त्यानं ताट सरकवलं आणि उठला. बरेच दिवस आमच्या घरात फक्त ट्रान्सफॉर्मरची घरघर ऐकू येत होती.

परवा आईंनी हाक मारली. आवाज आता खूप बसला आहे, कान तोंडाशी न्यावा लागतो. म्हणाल्या, "तिनं तुला विचारलंय ना, येऊ का म्हणून?" मी हो म्हटलं. "मग तू काय लिहिणार?" मी म्हटलं, "तुम्ही सांगाल ते." त्या चिडल्या. "मी सांगितलेलं तू ऐकतेस होय?"

मग म्हणाल्या, "लिही. उल्का, तू आलीस तर मी तोंड फिरवून झोपेन. तुझ्याकडे बघणार नाही. मी दोन मुलं वाढवली, मला मूल म्हणजे काय ते कळतं. तुझ्या पोटातलं सोडून तू माझ्याकडे धावलीस तर मला ते खपणार नाही. तू तिथंच राहायचं आणि मला त्याचं रडणं ऐकवायचं." एवढं बोलून त्या दमल्या. मी जसंच्या तसं लिहिलं आहे.

आता माझं उत्तर, कारण तू मला विचारलं होतंस, आईंना नव्हे. येऊ नकोस. हे मी सांगितलं म्हणून तू केलंस असंच समज. पुढे कधी मनाला खाईल तेव्हा वहिनीला दोष दे, स्वतःला देऊ नकोस. मला दोषाची सवय आहे.

काल त्यांनी माझ्या हातून गोळा खाल्ला. अर्धाच. मीठ कमी आहे म्हणाल्या. म्हणजे आमचं भांडण मिटलं.

शकू वहिनी


कोलंबस
३० ऑगस्ट १९८६

प्रिय वहिनी,

मुलगी झाल्याचं तुम्हाला फोनवर कळलंच. आज नीट पत्र लिहायला बसले आहे. काळीसावळी आहे, डोक्यावर भरपूर केस, नाक आईचं. सोबत फोटो आहे.

तुम्ही फोन घेता तो वरच्या मजल्यावरच्या आप्पासाहेबांकडे, हे मी पार विसरले होते. दादानं नंतर सांगितलं की त्यानं आणि आप्पासाहेबांनी आईला खुर्चीत बसवून जिना चढवला. मला तिकडचं काहीच ऐकू येत नव्हतं, नुसती खरखर. मी बाळाच्या तळव्याला चिमटा काढला. ती रडायला लागली. मग तू फोन घेतलास आणि म्हणालीस, "ऐकलं त्यांनी. पुरे, आता पोरीला त्रास देऊ नकोस." तू रडत होतीस का? मला तुझा आवाज ओळखू आला नाही.

डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला परवानगी दिली आहे, पण बाळाच्या पासपोर्टला वेळ लागतो आहे. ऑक्टोबरच्या अखेरचं तिकीट काढलं. आईला सांग, आता थोडेच दिवस.

उल्का


कोलंबस
२५ सप्टेंबर १९८६

वहिनी,

दादाचा फोन आला तेव्हा मी बाळाला आंघोळ घालत होते. हे आत येऊन नुसते उभे राहिले.

तिकीट बदललं नाही. तेराव्याला पोचता येणार नाही, पण येणार आहे. आईला नाही, निदान तुम्हाला तरी मुलगी बघू दे.

दादा म्हणाला, "झोपेतच गेली गं. काही त्रास झाला नाही." मला ऐकायला बरं वाटलं, आणि मग वाटलं नाही. वहिनी, त्या घरात मला खरं सांगणारी तू एकटी आहेस. मी येईन तेव्हा माणसं असतील, रडारड असेल, तुला बोलता येणार नाही आणि मला विचारता येणार नाही. म्हणून आत्ताच लिही. खरंच झोपेत गेली का?

उल्का


बिबवेवाडी
६ ऑक्टोबर १९८६

प्रिय उल्का,

नाही.

तुझा दादा खोटं बोलला नाही. तो निघाल्यावर त्यांना झोप लागली, असं त्याला मीच सांगितलं. तो त्या वेळी घरात नव्हता, डॉक्टरांना आणायला गेला होता, आणि आपण तिथं नव्हतो हे त्याला जन्मभर खात राहिलं असतं. आता तू त्याला सांगू नकोस.

गणपती उठल्यानंतर त्यांचं खाणं संपलंच होतं. गोळे तर केव्हाच बंद झाले, मी कोंबडीचं पाणी गाळून चमच्यानं द्यायचे, तेही ओठांवरून परत यायचं. तू पाठवलेला बाळाचा फोटो उशीखाली होता. कोणी आलं की काढून दाखवायच्या, बोलायच्या नाहीत, नुसतं स्वतःच्या नाकाला बोट लावायच्या.

त्या दिवशी दुपारी त्यांना श्वास पुरेना. मी उठवून मागे उशा लावल्या, त्यानंही पुरेना. त्या घाबरल्या, उल्का. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. सासरे गेले तेव्हाही नाही. त्यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. मी आपली, "डॉक्टर येताहेत, अहो आई, डॉक्टर येताहेत," एवढंच म्हणत होते.

त्यांनी मान हलवून मला जवळ बोलावलं. कानाशी म्हणाल्या, "शकू, तू कोण आहेस ते मला कळतंय. डोकं ठिकाणावर आहे माझं. पण एकदा मला 'अगं आई' म्हण. ती म्हणते तसं."

चौदा वर्षं मी त्यांना 'अहो' म्हणत आले. सकाळी उठल्यापासून, अहो आई दूध उतू गेलं, अहो आई मी निघते. तुला सांगते, जीभ वळेना. मला वाटलं, हे शब्द माझे नाहीत, तुझे आहेत, ते मी कसे घेऊ? त्या माझ्याकडे बघत होत्या. वाट बघत होत्या.

मग मी म्हटलं, "अगं आई, मी आहे ना इथं. भिऊ नकोस."

त्या "बरं" म्हणाल्या. भीती गेली असं मी म्हणणार नाही, हात तसाच घट्ट होता. पण डोळे माझ्यावरून काढून त्यांनी मिटले. तुझा दादा डॉक्टरांना घेऊन दारात आला तेव्हा सगळं संपलं होतं.

तू खरं विचारलंस म्हणून लिहिलं. तुझी जागा घेतली म्हणून तुला राग आला तर मला तो समजेल. त्या वेळी ते मी तुझ्या वतीनं म्हटलं होतं, एवढं ध्यानात ठेव.

नंतर डॉक्टर गेले, तुझा दादा माणसं बोलवायला गेला, आणि मी त्यांचे केस विंचरून सारखे केले. तेव्हा मी पुन्हा एकदा म्हटलं, "अगं आई." घरात दुसरं कोणी नव्हतं. ते मात्र तुझ्या वतीनं नव्हतं.

तुझी,
शकू